साडेतीन तासांचे अंतर

जिनिव्हाला जाऊन आलेल्या माणसाला दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, "आल्प्स पाहिलात का?" आणि दुसरा, "घड्याळ कोणते आणलेत?" पहिल्याला मी "हो, लांबून," असे उत्तर देतो. दुसऱ्याला मनगट पुढे करतो. त्यावर वडिलांचे एच. एम. टी. असते, रोज सकाळी चहाच्या आधी किल्ली मागणारे. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मग मला सांगावेच लागते की घड्याळ मी आणले नाही. पण एक घड्याळ घेतले जात असताना तीन दिवस मी शेजारी उभा होतो.

घेणारे होते आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जिनिव्हातल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या हिशेबखात्यात त्यांनी सव्वीस वर्षे काढली. २०२४ च्या जून अखेरीस ते निवृत्त होऊन पुण्याला परतणार होते. ताईने मला मे महिन्याच्या सुट्टीत बोलावून घेतले ते "एकदा जिनिव्हा बघून जा" असे म्हणून. प्रत्यक्षात पुस्तकांची खोकी बांधायला घरचा माणूस हवा होता. मराठीच्या प्राध्यापकाचा दुसरा उपयोग तो काय?

खोकी बांधून होतात तोच दाजींना एका दुकानातून फोन आला. त्यांचा नंबर लागला होता! आपल्याकडे एके काळी स्कूटरसाठी नंबर लावून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत. तसा दाजींनी चार वर्षांपूर्वी एका घड्याळासाठी नंबर लावला होता. घड्याळ होते रोलेक्सचे 'जी. एम. टी. मास्टर टू'. शनिवारपर्यंत होय-नाही कळवायचे होते. तो दिवस बुधवार.

"प्रश्न पैशाचा नाही," दाजी म्हणाले. ताईने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले तिच्यावरून प्रश्न पैशाचाही असावा. "प्रश्न असा, की नवे घ्यावे की जुने?"

"दोन्हींत वेळ एकच दाखवणार ना?" ताईने विचारले.

"एक नाही, दोन दाखवतात. म्हणून तर घ्यायचे," दाजी म्हणाले.

त्याचे असे आहे. विमाने समुद्र ओलांडू लागली तेव्हा वैमानिकांची पंचाईत झाली. पोटाला एका गावाची वेळ कळे, कागदोपत्री ग्रिनिचची वेळ लागे. पॅन अमेरिकन ही विमान कंपनी तेव्हा भरात होती (१९९१ साली ती बंद पडली). तिच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने १९५५ साली हे घड्याळ आणले. नेहमीच्या काट्यांच्या जोडीला चोवीस तासांत एकच फेरी घालणारा एक जादा काटा, आणि तबकडीभोवती चोवीस आकड्यांचे फिरते कडे. कड्याचा अर्धा भाग तांबडा, तो दिवस. अर्धा निळा, ती रात्र. कडे हवे तेवढे फिरवले की जादा काटा दुसऱ्या गावची वेळ सांगतो. पहिली कडी बॅकेलाइटची होती. ती तडकत, म्हणून लवकरच ॲल्युमिनियम आले. १९५९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, क्रमांक १६७५. ती वीसेक वर्षे चालली. दाजींच्या डोळ्यांसमोर 'जुने' होते ते हे. 'नवे' म्हणजे तांबड्या-निळ्या कड्याचे, २०१८ साली पोलादात आलेले.

बुधवारी दुपारी आम्ही दुकानाकडे निघालो. जिनिव्हात घड्याळ शोधावे लागत नाही, चुकवावे लागते. कॉर्नाव्हँ स्थानकावर उतरलो की फलाटावरचे पांढरे घड्याळ दिसते. त्याचा तांबडा सेकंदकाटा मिनिट भरायच्या आधीच फेरी संपवतो, वर क्षणभर थबकतो, आणि मिनिटकाटा सरकला की मग पुढे निघतो. ते थबकणे मला फार आवडले. आपल्याकडे गाडी थबकते, इथे घड्याळ थबकते. तिथून उतारावरून सरोवराकडे आलो की माँ ब्लाँ पूल, डावीकडे एकशेचाळीस मीटर उंच उडणारे कारंजे, आणि पलीकडच्या बागेत १९५५ सालीच मांडलेले फुलांचे घड्याळ. अडीच मीटर लांबीचा सेकंदकाटा हजारो फुलझाडांवरून फिरत असतो आणि माणसे त्याच्याकडे पाठ करून छायाचित्रे काढून घेत असतात.

या गावाला घड्याळाचे वेड लावले कॅल्व्हिनच्या कडक धर्मशिस्तीने, असे सांगतात. सोळाव्या शतकात त्याने दागदागिने निषिद्ध ठरवले. पण सोनारांनी हात बांधून बसावे कसे? फ्रान्समधून छळाला कंटाळून आलेल्या निर्वासितांत घड्याळजी होते. दोघांची गाठ पडली. दागिना हे पाप, पण वेळ पाळणे हे पुण्य! पुढे रोन नदीच्या पलीकडच्या सँ-झेर्व्हे भागात घरांच्या अगदी वरच्या मजल्यावर, उजेड भरपूर मिळावा म्हणून, घड्याळजी खिडकीशी बसून काम करीत. रूसो हा अशाच एका घड्याळजीचा मुलगा. साधेपणाने राहायचे ठरवल्यावर त्याने स्वतःचे घड्याळ विकून टाकले, आणि आता किती वाजले ते कळायला नको याचा त्याला कोण आनंद झाला. नदीतल्या बेटावर त्याचा पुतळा आहे. मी तो दाजींना मुद्दाम दाखवला. ते म्हणाले, "त्याची आई त्याच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली होती." तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

दुकानात आमचे स्वागत व्याही आल्यासारखे झाले. मखमली तबकात नवे घड्याळ आले आणि मी, एच. एम. टी. बाहीत सारून, त्याच्या प्रेमात पडलो. त्याचे कडे चिनी मातीच्या जातीचे; ऊन लागून विटणार नाही, ओरखडा सहजी उठणार नाही. काच नीलमण्याची. प्रवासात तासाचा काटा एकटाच एक-एक तास पुढे-मागे उडी मारतो. मिनिट आणि सेकंद आपले चालूच. ही सोय १९८२ पासून या घड्याळाच्या 'टू' म्हणवणाऱ्या पिढीत आली. चाल दिवसाला दोन सेकंदांच्या आत. काढून ठेवले तरी सत्तर तास चालते. मी दाजींच्या कानात म्हटले, "विचार कसला करता? घ्या." वर्गात 'जुने ते सोने' या म्हणीचा अर्थ मी तन्मयतेने सांगतो, पण खिशातून पैसे काढायचे म्हटले की माझे मत नव्याला. आणि खिसा दुसऱ्याचा असला की ते आणखी ठाम होते.

दाजींनी कडे फिरवून पाहिले. टक, टक, टक. प्रत्येक टक म्हणजे एक तास. त्यांनी ते दोन टकांच्या मध्ये थांबवायचा प्रयत्न केला. ते थांबेना. घड्याळ तबकात ठेवून ते म्हणाले, "शनिवारी कळवतो."

गुरुवारी जुन्या गावातल्या चढावर एका व्यापाऱ्याकडे गेलो. दुकान आपल्या तुळशीबागेतल्या गाळ्याएवढे. व्यापारी वयस्क, डोळ्याला भिंग लावूनच जन्मला असावा असा. त्याने १६७५ पुढे ठेवले, १९७० च्या सुमाराचे. खरे सांगतो, माझी निराशा झाली. तांबडा रंग उडून गुलाबी झालेला, निळा राखाडी. तबकडीवरचे ठिपके एके काळी अंधारात चमकत; त्यांतल्या ट्रिटियमचे बळ दर बारा वर्षांनी निम्मे होते, तेव्हा आता ते नुसते दुधावरच्या सायीच्या रंगाचे. आणि या म्हाताऱ्याची किंमत नव्याहून जास्त!

व्यापारी मात्र मोठा सचोटीचा निघाला. घड्याळाची स्तुती करण्याऐवजी त्याने त्याची दुखणी सांगितली. मी चुकीच्या जागी हसू नये म्हणून दाजी भाषांतर करीत होते. जुने घेताना आधी कडा पाहा, म्हणाला. घासून घासून चकचकीत केलेले घड्याळ म्हणजे झीज झालेले घड्याळ. ओरखडे असलेले बरे. ठिपके आणि काटे एकाच रंगाने पिकलेले हवेत. तबकडी पिवळी आणि काटे पांढरे असले तर समजा, काटे मागाहून बदललेत. काच प्लॅस्टिकची आहे, चरे पडतील, पण घासून जातात. पाण्यात घालू नका. पावसात जपा. (इथे मी पुण्याच्या जुलैचा विचार केला आणि मान हलवली.) तारीख बदलायची तर काटे चोवीस तास फिरवत बसा. चोवीस तासांचा काटा तासाच्या काट्याला बांधलेला आहे, एकटा हलणार नाही. दुसरी वेळ हवी तर ती फक्त कड्यावर.

"कडे," दाजी म्हणाले. "ते बघू."

त्यांनी कडे फिरवले. टक नाही, आवाज नाही. जात्याचा खुंटा फिरावा तसे ते जड आणि गुळगुळीत फिरत गेले, आणि दोन खुणांच्या बरोबर मध्ये थांबले.

"अर्ध्यावर थांबते," दाजी मराठीत म्हणाले. व्यापाऱ्याने प्रश्नार्थक पाहिले. त्याच्या गिऱ्हाइकांत अर्ध्या तासाच्या देशांतले लोक कमी असावेत.

आपला देश मात्र अर्ध्या तासाचा. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, १९०६ पासून. मुंबईने तर तेही लवकर मानले नाही. तिची स्वतःची वेळ एकोणचाळीस मिनिटे मागे होती, आणि १९५५ पर्यंत ती कुठे ना कुठे पाळली जात होती. वैमानिकांना जेव्हा दोन वेळा सांभाळणारे घड्याळ मिळाले, तेव्हा मुंबईकर आपली दुसरी वेळ सोडत होता! जिनिव्हा आपल्या मागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठे, साडेतीन शहाणे आणि साडेतीन हातांचा देह असणाऱ्या मराठी माणसाला हे अंतर परके वाटायचे कारण नाही. पण तासातासाने उडी मारणाऱ्या नव्या घड्याळाला हा 'साडे' साधत नाही. त्यात भारताची वेळ कायम अर्ध्या तासाने चुकलेली. उरलेले मनात मिळवायचे.

"पण दाजी, मिळवायचे मनात!" मी बाहेर आल्यावर म्हटले. "आणि मोबाइलवर दोन्ही वेळा दिसतात. अर्ध्या तासासाठी एवढा खर्च?"

दाजी काही बोलले नाहीत. आम्ही ट्रॅमने आकासियाच्या बाजूला गेलो. तिथे आर्व्ह नदीवर २०१२ साली उघडलेला पूल आहे, पोलादी पट्ट्यांची बुट्टी विणून आडवी ठेवावी तसा. त्याला नाव हान्स विल्सडॉर्फचे. रोलेक्सचा हा संस्थापक मूळचा जर्मन. १९०५ साली लंडनमध्ये त्याने धंदा सुरू केला तो डेव्हिस नावाच्या आपल्या मेव्हण्याबरोबर. पुढे धंदा जिनिव्हात आला आणि विल्सडॉर्फचे नाव पुलाला लागले. मेव्हण्याच्या नावाचे मला तिथे काही दिसले नाही. मी हे दाजींना म्हणालो, तर ते पहिल्यांदा हसले. मग कठड्यापाशी थांबून म्हणाले,

"आक्कांना मी रोज रात्री आठला फोन करायचो, तुला माहीत आहे. देवाजवळ दिवा लावून, जेवून त्या फोनपाशी बसत. इथे उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेतीन. दोन हजार बावीस साली दिवाळी झाली आणि तीस ऑक्टोबरला, रविवारी, इथली घड्याळे तासाने मागे गेली. मोबाइल आपोआप मागे गेला. मी गेलो नाही. सवयीने साडेचारला फोन केला. तिकडे नऊ. सोबतीच्या बाईंनी उचलला. म्हणाल्या, तासभर बसल्या होत्या, आत्ताच आडव्या झाल्यात, उठवू का? मी म्हटले, नको, उद्या बोलतो."

पहाटे आक्कांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली, हे मला माहीत होते. त्या पंधरा दिवसांनी गेल्या तेव्हा दाजी उशाशी होते. पण ते सारखे काहीतरी हिशेब करीत असल्यासारखे का बसले होते, हे मला तेव्हा कळले नव्हते. त्यांच्या सबंध नोकरीत एका रकमेचा ताळा चुकल्याचे कुणी सांगणार नाही.

मी बराच वेळ नदीकडे पाहत राहिलो. मग, शिक्षकाची खोड, एक शंका विचारलीच. "पण आता तुम्ही पुण्यालाच चाललात. आता दुसरी वेळ कुणाची?"

"पोरगी इथेच राहतेय ना," ते म्हणाले. "आणि पिंटुकली."

माझी भाची जिनिव्हातच नोकरीला आहे. तिची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. संध्याकाळी सातला ती झोपते. म्हणजे पुण्यात साडेदहा, आणि घड्याळे मागे गेली की साडेअकरा. आजोबांनी म्हटलेले गाणे झाल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही, असे आजोबांचे म्हणणे.

शनिवारी दाजींनी पहिल्या दुकानात जाऊन नम्रपणे नकार दिला. चार वर्षे थांबून नंबर सोडणारा माणूस त्या विक्रेत्याने क्वचितच पाहिला असेल. मग चढ चढून आम्ही म्हाताऱ्याकडे गेलो. ताईही आली होती. तिने किंमत ऐकली, मग त्या गुलाबी-राखाडी कड्याकडे पाहिले आणि म्हणाली, "माझ्या लग्नातली पैठणी अशीच विटलीय. ती कुणी एवढ्याला घेईल का विचार."

घड्याळ आता पुण्यात आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते कपाटात रेशमी रुमालात असते, कारण पाऊस. म्हणजे हजार अडचणी आहेतच. आठवड्याला ते मिनिटभर तरी चुकते. दाजी ते रविवारी रेडिओच्या वेळेवर लावतात. माझे मत अजून नव्याचेच आहे, आणि कुणी मला विचारले तर मी नवे घ्या म्हणूनच सांगेन. मात्र विचारणाऱ्याचे माणूस कोणत्या देशात आहे ते आधी विचारीन.

२०२४ च्या सत्तावीस ऑक्टोबरला, रविवारी, दिवाळीच्या तोंडावर, पहाटे माझा फोन वाजला. एच. एम. टी.त सहा वाजून एकतीस मिनिटे झाली होती. जिनिव्हात त्या घटकेला तीनाचे दोन झाले होते.

"फिरवले रे," दाजी म्हणाले, आणि फोन ठेवला.