नाताळच्या ताटाचा क्रम

सावंतवाडी,
२ डिसेंबर

प्रिय रोशन,


गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी तीन-चार आठवडे जे गोडधोड होते, त्या सगळ्याला मिळून कोन्सोआद म्हणतात. मंगळूरकडे हाच फराळ कुस्वार या नावाने ओळखला जातो. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, पेराद, बेबिंका, दोस, बाथ असे पदार्थ ताटात मांडायचे, वर विणकामाचा रुमाल टाकायचा आणि ताट शेजाऱ्यांकडे व नातलगांकडे धाडायचे, अशी ही रीत आहे. ताटे पुष्कळ घरी जायची असतात आणि स्वयंपाकघरातले हात मोजकेच असतात. त्यामुळे सगळे पदार्थ एका दिवसात होत नाहीत. जो जास्त दिवस टिकतो तो आधी आणि जो लवकर विटतो तो शेवटी, या एकाच नियमावर महिनाभराचे काम बेतलेले असते.

कामाची सुरुवात चर्चच्या दिनदर्शिकेला धरून होते. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. हा काळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यानच्या रविवारी सुरू होतो. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त आणि ८ डिसेंबरला पणजीला निष्कलंक मातेचे फेस्त असते. या दोन फेस्तांची धावपळ सरली की चुली खऱ्या अर्थाने पेटतात. हंगामही सोबतीला असतो. भाताची कापणी उरकून नवे तांदूळ घरात आलेले असतात, पेरूंचा बहर असतो आणि हवा कोरडी झाल्यामुळे तळलेले पदार्थ सादळत नाहीत.

सगळ्यात आधी तयारी लागते ती केकची. मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याच्या सालीचा मुरंबा हे बारीक चिरून रम किंवा ब्रँडीत मुरत ठेवतात. महिनाभर मुरले तर उत्तम, दहा दिवस तरी हवेतच. हा फळांचा केक पोर्तुगीजांकडून आलेला नाही, तो इंग्रजी वळणाचा आहे. भारतात नाताळचा केक सर्वप्रथम १८८३ साली केरळातल्या थलश्शेरीला मांबळ्ळी बापू यांच्या बेकरीत झाला, असे मानले जाते. मर्डॉक ब्राउन या मळेवाल्या इंग्रजाने विलायतेहून आणलेला नमुना त्यांच्यापुढे ठेवला होता, असे सांगतात. गोव्याच्या ताटात हा केक आज हमखास असतो, पण ताटातले बाकीचे पदार्थ दुसऱ्या वाटांनी आले आहेत.

केकपाठोपाठ पेराद होते. पिकलेले पेरू उकडून गर चाळणीतून गाळतात, म्हणजे बिया वर राहतात. गराच्या जवळपास बरोबरीने साखर घालून तो मंद आचेवर आटवतात आणि शेवटी लिंबू पिळून थोडे लोणी सोडतात. पेरूत पेक्टिन भरपूर असते. साखर आणि आंबटपणा यांची जोड मिळाली की पेक्टिन घट्ट धरते, गोळा भांड्याच्या कडेने सुटतो आणि थापून त्याच्या वड्या पाडता येतात. पाण्याचा अंश थोडा आणि साखर जास्त, म्हणून पेराद कित्येक आठवडे राहते. पोर्तुगालमध्ये असाच पदार्थ मार्मेलो या फळाचा करतात. ते फळ गोव्यात होत नाही. पेरू मात्र अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर इकडे आला आणि इथे रुजला. कृती युरोपची, फळ अमेरिकेचे आणि चूल गोव्याची असा हा मेळ आहे. काजू आणि मिरचीही त्याच जहाजांतून आली.

दोदोल याहून जुन्या वळणाचा आहे. त्यात मैदा नाही, अंडे नाही. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध, माडाचा काळा गूळ आणि वरून काजू, एवढेच जिन्नस. ते तांब्याच्या मोठ्या भांड्यात एकत्र करून तासन्‌तास ढवळतात. ढवळणे थांबले की पीठ तळाशी बसते आणि करपते, म्हणून या कामाला दोन माणसे लागतात. एकाचे हात भरून आले की दुसरा कलथा घेतो. मिश्रण आधी खळीसारखे दाटते, पुढे नारळाचे तेल सुटू लागते आणि शेवटी सगळा गोळा भांड्याला न चिकटता कलथ्याबरोबर फिरतो. तेल सुटले म्हणजे दोदोल झाला. रंग गुळावर ठरतो. उसाच्या गुळाचा दोदोल फिका होतो आणि त्याला माडाच्या गुळाचा धुरकट वासही येत नाही. श्रीलंका, मलेशिया आणि इंडोनेशियातही याच नावाचा पदार्थ याच जिनसांचा होतो. आफोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का जिंकल्यावर ही बंदरे एका सत्तेखाली आली आणि त्यांच्यात माणसांची व मालाची नित्य ये-जा सुरू झाली.

दोस आणि पिनाग हेही घरच्याच जिनसांचे. दोस म्हणजे शिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ, नारळ आणि साखर आटवून पाडलेल्या वड्या. पिनाग उकड्या तांदळाच्या भाजलेल्या पिठाचा. गूळ आणि खोबरे घालून त्याचे मुटके वळतात. धर्म बदलल्यावरही घरातले जिन्नस आणि चूल तीच राहिली, याची साक्ष हे पदार्थ देतात.

तळणाचे दिवस त्यानंतर येतात. कुलकुलासाठी मैदा किंवा रवा, अंडे, थोडे तूप आणि नारळाचे दूध घालून पीठ मळतात. त्याची छोटी गोळी नव्या कोऱ्या फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळली की रेघारेघांचा शंख तयार होतो. एकेक शंख हातानेच वळायचा असतो आणि शेरभर पिठाचे शेकडो शंख होतात, त्यामुळे लहानथोर सगळे पाटाभोवती बसतात. तळून झाल्यावर त्यांना साखरेच्या पाकात घोळवतात. पाक पक्का असेल तर वर पांढरा कोरडा थर बसतो. कच्चा राहिला तर कुलकुल एकमेकांना चिकटतात.

नेवरी म्हणजे करंजीच. गणेशचतुर्थीला हिंदू घरांत होते तीच नाताळात ख्रिस्ती घरांत होते. फरक असतो तो सारणात. चतुर्थीची नेवरी त्या दिवशीच संपायची असते, तेव्हा ओल्या नारळाचे सारण चालते. नाताळची नेवरी डब्यात राहायची असते, म्हणून खोबरे कोरडे होईपर्यंत परततात आणि त्यात भाजलेला रवा, तीळ, काजू, बेदाणे व वेलची घालतात. ओले सारण दोन दिवसांत आंबते, कोरडे पंधरवडाभर टिकते.

बेबिंकेला शेवटचा आठवडा राखून ठेवलेला असतो, कारण तिला दुसरे काम सोबत चालत नाही. नारळाचे दाट दूध, साखर, अंड्यांचे पुष्कळ बलक, थोडा मैदा आणि जायफळ यांचे पातळ पीठ करतात. भांड्यात आधी चमचाभर तूप, मग पिठाचा पहिला थर. तो वरून तांबूस झाला की पुन्हा तूप, पुन्हा थर. सात थर ही प्रतिष्ठेची किमान संख्या. हौशी घरांत सोळापर्यंत जातात. सगळी मेख आचेत आहे. खालून आच लागली तर पहिला थर शेवटचा होईपर्यंत जळून जाईल, म्हणून विस्तव वर हवा. जुन्या पद्धतीत भांड्यावर पत्र्याचे झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचा विस्तव करतात. दर थराला झाकण उचलायचे, पाहायचे, पुन्हा ठेवायचे. यात अर्धा दिवस सहज जातो. पूर्ण निवाल्याशिवाय बेबिंका कापत नाहीत, नाहीतर थर सुटे होत नाहीत.

तिच्या जन्माची कथा जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठाशी जोडलेली आहे. १६०६ मध्ये स्थापन झालेल्या या जोगिणींच्या मठात अंड्यांचा पांढरा भाग वस्त्रांना खळ देण्यासाठी वापरत आणि बलक उरत. बेबियाना नावाच्या जोगिणीने त्या बलकांचा हा सात थरांचा पदार्थ केला आणि ते थर लिस्बनच्या सात टेकड्यांचे द्योतक ठरले, अशी ती आख्यायिका. बेबियानाची गोष्ट दंतकथा म्हणून ठेवली तरी बलकांचा भाग पोर्तुगालच्या इतिहासाशी जुळतो. तिथल्या मठांत उरलेल्या बलकांपासून आणि साखरेपासून मिठायांची एक मोठी परंपराच उभी राहिली. गोव्यात तिला नारळाचे दूध मिळाले. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले.

बाथ हा रवा आणि नारळाचा केक. रवा, वाटलेला नारळ आणि साखर रात्रभर भिजत ठेवून दुसऱ्या दिवशी अंडी व लोणी घालून भाजतात. यातला नारळ ओला असल्यामुळे तो चार-पाच दिवसांपलीकडे राहत नाही, म्हणून नाताळच्या अगदी तोंडावर होतो.

सणाच्या जेवणाची तयारी २२-२३ तारखेला लागते. सोरपोतेलसाठी डुकराचे मांस आणि काळीज आधी उकडून अगदी बारीक चिरतात, परततात आणि सुक्या मिरच्या, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, लसूण व आले व्हिनेगरमध्ये वाटून केलेल्या मसाल्यात शिजवतात. पोर्तुगालच्या आलेन्तेजू प्रांतात आणि ब्राझीलच्या ईशान्य भागातही सारापातेल होते. गोव्यात त्याला माडाच्या सुरेचे व्हिनेगर लागते. व्हिनेगरच्या आंबटपणामुळे मांस टिकते आणि रोज एकदा उकळी दिली की चव वाढत जाते. म्हणूनच ते दोन-तीन दिवस आधी करतात आणि २४ च्या मध्यरात्रीच्या मिसेनंतर किंवा नाताळच्या दुपारी वाढतात. त्याच्या जोडीची सान्ना मात्र सगळ्यात शेवटी होते. तांदूळ व नारळ वाटून ताज्या सुरेने आंबवतात आणि नाताळच्या सकाळी उकडतात. सान्ना शिळी झाली की कोरडी पडते. महिनाभर मुरलेल्या फळांपासून सुरू झालेला क्रम तासाभरात खायच्या पदार्थापाशी येऊन संपतो.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत हाच सण वेगळ्या ताटाने होतो आणि तो फरकही इतिहासाने पाडलेला आहे. वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांकडे होती, पुढे चिमाजी अप्पांनी ती घेतली. वसई आणि मुंबईच्या, ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या ख्रिस्ती घरांत आजही नाताळला फुगे, इंद्याल आणि सारपातेल असते. फुगे म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे, हाताच्या मुठीतून तेलात सोडलेले गोळे. इंद्याल हे व्हिनेगरमधले झणझणीत मांस. मार्झिपान ही मिठाईही असते; युरोपात ती बदामाची होते, इथे बहुतेक घरांत काजूची. अहमदनगरच्या बाजूला ख्रिस्ती धर्म अमेरिकन मराठी मिशनमार्फत पोचला. या मिशनचे तिथले काम १८३१ मध्ये सुरू झाले. पोर्तुगीज चूल तिथे कधी गेलीच नाही. त्यामुळे तिकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळलाही करंज्या, शंकरपाळे, चकल्या, शेव आणि लाडू हाच फराळ होतो.

ताट धाडण्याचे नियम मात्र सगळीकडे सारखे आहेत. हिंदू शेजाऱ्यांकडून दिवाळीला फराळ आलेला असतो, त्याची परतफेड नाताळला होते. आलेले ताट रिकामे परत करत नाहीत. वर्षभरात ज्या घरी मयत झालेली असते तिथे गोड करत नाहीत, आणि म्हणून त्या घरी शेजारून ताट आवर्जून जाते.

परदेशातल्या स्वयंपाकघरात यातले बरेचसे जमते, कारण अडचण जिनसांपेक्षा आचेची आणि वेळेची आहे. इंग्लंडात स्विंडनसारख्या गावी गोंयकारांची मोठी वस्ती आहे आणि तिथल्या घरांत बेबिंका ओव्हनच्या वरच्या जाळाखाली होते. झाकणावरच्या विस्तवाचे काम तो जाळ करतो. फक्त दर थरावर नजर हवी, कारण तो विस्तवापेक्षा झपाट्याने भाजतो. डब्यातले दाट नारळाचे दूध दोदोल आणि बेबिंका दोन्हींना चालते. माडाचा गूळ न मिळाल्यास नारळाची साखर किंवा काळी मस्कोवादो साखर रंगाच्या जवळ जाते. सुरेच्या व्हिनेगरऐवजी सफरचंदाचे व्हिनेगर घेतात, पण ते थोडे थोडे घालून चव पाहावी लागते. सान्नेला सूर नसली तर यीस्ट आणि चिमूटभर साखर पुरते; थंडीत पीठ उबदार जागी ठेवावे लागते. चांगले पेरू महाग पडतात. लंडनमध्ये स्टॉकवेलच्या बाजूच्या पोर्तुगीज दुकानांत गोयाबादा नावाने पेरूची घट्ट वडी मिळते, ती पेरादची सख्खी बहीण आहे. कुलकुल आणि नेवऱ्यांना काहीच बदलावे लागत नाही. पहिल्या वर्षी हे दोन पदार्थ आणि पेराद एवढे केले तरी ताट भरते. बेबिंका दुसऱ्या वर्षी करावी आणि तिच्यासाठी सुट्टीचा अख्खा दिवस मोकळा ठेवावा.

तुझी,
मावशी