अण्णांना, मुंबईहून

माटुंगा, मंगळवार रात्र

ती. अण्णांस, सा. न. वि. वि.

पोचलो. गाडीत रात्रभर शेजारच्याचा मोबाईल वाजत होता, म्हणून झोपेचं खोबरं. लॉजवरच्या माणसाने आधार कार्ड बघितलं आणि म्हणे, झेरॉक्स आणा. सकाळी सहाला झेरॉक्स कुठून आणू? ‘तो तुमचा प्रश्न.’ मान वर केली असती तरी चाललं असतं. चिनू बॅगेवर डोकं टेकून तिथेच झोपली. दुकान उघडेपर्यंत आम्ही दोघं पायरीवर!

त्याचा राग इडलीवर काढला. इथलं सांबार आपल्याकडच्यासारखं लाल नाही, पण चटणी मागाल तितकी. चिनूने सहा इडल्या खाल्ल्या. दोघांचं बिल 240 रुपये आणि वर कॉफी वेगळी. आईला आकडा सांगू नका.

दुपारी तुमच्या फुटबॉलवाल्या गोलकीपर बाबू नारायणांचा माटुंगा पाहून आलो. म्हणजे मैदानं पाहिली, बाकी सगळे टॉवर. बाबू म्हणजे एस. एस. नारायण बास्केटबॉलही खेळायचे, महाराष्ट्राकडून. चिनूला सांगितलं, वरचा चेंडू पकडायची सवय तिथली असणार. ती म्हणाली, मग मला पण बास्केटबॉल लावा. आता आपल्या बजाजनगरात कुठे लावू, तुम्हीच सांगा.

आपला,
बाळू

गुरुवार, मैदानाच्या कट्ट्यावरून

अण्णा,

घाईत लिहितोय. निवड सामन्यात चिनू राखीव गोली आहे. सकाळपासून बाकावर, हातमोजे घालून. उकाड्याने तिचे तळवे भिजले, तरी काढत नाही. मुख्य गोली उंच आहे, हिच्यापेक्षा वीतभर. मला तुमचा थंगराज आठवला. 1960 ला रोम ऑलिंपिकला गोलात तोच होता. नारायण संघात असून बाहेर. त्याआधी 1956 ला मेलबर्नलाही दोघं बरोबरच गेले होते. नारायण तेव्हा बावीस वर्षांचे. ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं ते सगळ्यांना नेव्हिल डिसूझाच्या तीन गोलांमुळे पाठ. पुढे युगोस्लाव्हियाने चार मारले, बल्गेरियाने तीन, भारत चौथा. स्पर्धेत एकूण नऊ गोल खाल्ले, ते मात्र कुणी मोजत नाही. मोजलेच तर गोलकीपरच्या नावावर. हा मला नेहमीच अन्याय वाटत आलाय. चार बचावपटू काय शोभेला उभे असतात?

शिट्टी झाली, चिनू अजून बाकावरच.

ठाणे, शनिवार

ती. अण्णा,

आत्याकडे आहोत. तिचे गुडघे बरे, तोंड त्याहून बरं. भरली वांगी केली होती, तिखट कमी. गेटवे लोकलमधून उतरून पाहिलं, भिजलो, परत आलो.

चिनूला शेवटची वीस मिनिटं मिळाली. एक गोल खाल्ला, दोन अडवले. निवडीचा निकाल कळवतील म्हणे.

कूपरेज मैदानाच्या बाहेर उभा राहून आजोबांची आठवण काढली. 1950 ते 54 रोव्हर्स कप सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी नेला. तेव्हा आपण हैदराबाद राज्यातले, म्हणून आजोबांना तो घरचाच संघ. 1958 ला कॅलटेक्सने कप जिंकला तेव्हा त्यांनी तुम्हाला दोन दिवस पेपर वाचू दिला नव्हता, हे खरं का? आत्या खरं म्हणते. कॅलटेक्समध्ये नेव्हिलही होता, नारायणही. कंपनी 1976 ला सरकारने घेतली, पुढे हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये मिसळली. म्हणजे तुमच्या लूनाला तुम्ही इतकी वर्षं नारायणांच्याच कंपनीचं पेट्रोल पाजत होता.

1964 ला महाराष्ट्राने मद्रासला संतोष ट्रॉफी जिंकली, त्या संघातही नारायण होते. 2021 च्या ऑगस्टमध्ये गेले, इथेच ठाण्यात, 86 व्या वर्षी. आत्याला पत्ताच नाही. शेजारच्या मल्याळी काकांना होता. ते अर्धा तास बोलले, चहा निवला.

सोमवारी पहाटे पोचतो. स्टेशनवर कुणाला पाठवू नका, रिक्षाने येऊ. पाण्याचा दिवस आहे; टाकीचा कॉक नवीन बसवलाय, उलटा फिरवायचा.

बाळू