गुरुवारच्या पुऱ्या

चाकणच्या शनिवारच्या बाजारात दिवस कलला की पालेभाजीचा भाव कोसळतो. सकाळी शेकड्याच्या हिशेबाने विकल्या गेलेल्या मेथीच्या जुड्या संध्याकाळी गोणपाटावर माना टाकून पडतात, आणि ‘वीसला दोन’चं ‘वीसला चार’ व्हायला वेळ लागत नाही. अशा उतरत्या वेळी बाजार करायला मला आवडतं. तिथेच तो पोरगा दिसला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पायांत अजून सेफ्टी शूज. भाजीवाल्या मावशींपुढे उरलेला सगळा चाकवत त्याने उचलला, भाव न करता.

“एवढ्या चाकवताचं काय करनार रं? घरी ताक तरी हाय का?”

“पूरी बनाएँगे, मौसी. रूम पे आठ लोग हैं.”

मावशींनी शेजारणीकडे पाहिलं. चाकवताची पुरी! दोघी पदर तोंडाला लावून हसल्या, पण जाताना मावशींनी त्याच्या पिशवीत मूठभर हिरव्या मिरच्या फुकट टाकल्या.

आपल्याकडे चाकवत ताकाशिवाय जन्माला येत नाही. शिजवायचा, घोटायचा, बेसन लावायचं, वरून लसणाची चरचरीत फोडणी. ताप उतरलेल्या माणसापुढे वाफाळत्या भातावर वाढायचा. याच पाल्याला उत्तरेत थंडीत वेगळंच नशीब लाभतं. गव्हाच्या रानात तो आपसूक उगवतो. उकडून, वाटून थेट कणकेतच जातो, हिंग-ओव्यासकट. पाल्याचं पाणी पुरतं, वेगळं घालावं लागत नाही. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. त्यांतल्या कितीतरी, कालपरवापर्यंत जिथे हाच भाजीपाला निघायचा अशा वावरांत उभ्या आहेत. तिथे पाच किलोच्या सिलिंडरवर, एकजण फर्स्टहून आलेला, दुसरा नाइटला निघालेला, अशा घाईत या पुऱ्या तळल्या जात असणार. मी घरी करून पाहिल्या. रंग झकास, पोत मऊ. बायकोने एक खाल्ली आणि उरलेल्या चाकवताची ताकातली भाजी केली. मग आम्ही त्या भाजीशीच त्या पुऱ्या खाल्ल्या, आणि दोन्ही पक्षांचं समाधान झालं.

पालकपुरीबद्दल मात्र माझं मत बरं नाही. मिक्सरमधून काढलेला पालक कणकेत मिसळला की पुरी हिरवीगार दिसते, टम्म फुगते, वाढदिवसाच्या ताटात शोभते. पण डोळे मिटून खाल्ली तर पालक सापडत नाही. मेथीचं तसं नाही. ती कच्चीच, बारीक चिरून घालायची. दाताखाली येते, कडसर लागते, तळताना घरभर वास सोडते. मेथीची पुरी फुगायला जरा नखरे करते हेही खरं. पुरी फुगते ती आतल्या पाण्याची वाफ होऊन. ती वाफ दोन पापुद्रे वेगळे करते. मध्ये मेथीचा जाड देठ आडवा आला की पापुद्र्याला भोक पडतं, वाफ निसटते आणि पुरी चपटीच राहते. दुसरी भानगड मिठाची. मीठ लागलं की पाला पाणी सोडतो, म्हणून आधी घट्ट वाटलेली कणीक अर्ध्या तासात सैल होते आणि सैल कणकेची पुरी तेल पिते. तेव्हा मेथीची कणीक मळून ठेवायची नाही. मळली की लाटायची. लाटताना पिठी नाही, तेलाचं बोट. पिठी लावली तर ती कढईत सुटते, तळाशी करपते आणि शेवटच्या घाण्याला काळे ठिपके येतात.

हे सगळं मला वडिलांनी शिकवलं.

वडील भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर होते आणि त्यांची सुट्टी गुरुवारी असे. बाहेरगावच्या लोकांना हे अजूनही सांगावं लागतं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ आलं, माळरानांवर शेड उभ्या राहिल्या. पुढे वीज सगळ्यांना एकाच वेळी पुरेना, तेव्हा सुट्ट्यांचे वार वाटून दिले गेले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. म्हणजे आमच्या घरातला आठवडा विद्युत मंडळाने आखून दिलेला होता. आई पालिकेच्या शाळेत शिक्षिका, तिची सुट्टी रविवारी. नवराबायको एकाच दिवशी दिवसभर घरात, हे दिवाळीत किंवा मे महिन्यातच घडायचं. गुरुवारी आम्ही सगळे शाळेत आणि वडील एकटे घरी. दुरुस्तीसाठी लाइटही गुरुवारीच जायची, त्यामुळे रेडिओच्या सेलवर मदार. एकटा माणूस रिकाम्या, अंधाऱ्या घरात करणार काय? थंडीत ते मेथीच्या पुऱ्या करत.

पण करत त्या टर्नरसारख्या. सकाळी आकुर्डीच्या मंडईतून दोन जुड्या आणत, बुटक्या पानांच्या, मुळांना माती असलेल्या. धुऊन चकचकीत केलेली मेथी त्यांना संशयास्पद वाटे. खिडकीखाली पेपर पसरून पान न् पान खुडत. देठ नखाने मोडून पाहायचे. कट्‌कन मोडला तर आत, वाकला तर बाहेर. तीन पाण्यांतून धुऊन पंचावर पसरायची, खडखडीत होऊ द्यायची. मग कणीक, थोडं बेसन, चमचाभर रवा, तीळ, ओवा, हळद, तिखट, आणि रेशनचं पामतेल कडकडीत तापवून त्याचं मोहन. लाटताना त्यांची भाषा शॉपमधली. “पुरी एक सूत पाहिजे. पाऊण सूत झाली की पापड, सव्वा झाली की भाकरी.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ते कडेला बोट लावून जाडी सांगत आणि ती बरोबर असे. मी एकदा शाळेची पट्टी लावून पाहिलं होतं. गॅसचा नंबर अजून लागायचा होता. रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारून, पंप देऊन ज्योत निळी झाली की कढई चढे. तेलात कणकेचा चिमटा टाकायचा. लगेच वर आला तर ठीक, तळाशी बसला तर थांबा, पडताक्षणी काळवंडला तर स्टोव्हची हवा सोडा. पुरी सोडली की झाऱ्याने हलकेच दाबत आणि ती उठली की स्वतःशीच म्हणत, “ओके.” तपासणी होऊन माल पुढे गेल्यासारखं. न फुगलेल्या पुऱ्या वेगळ्या ताटलीत. ती ताटली रिजेक्शनची. ती ते स्वतः खात.

शाळा असे त्या गुरुवारी आम्ही परत यायचो तेव्हा स्टोव्ह निवलेला, ओटा पुसलेला आणि पितळी डबा भरलेला असे. आईला बहुधा थोडा राग येत असावा, कारण ओटा तिच्यापेक्षा स्वच्छ असायचा. ती काही बोलायची नाही, फक्त मीठ कमी आहे म्हणायची. नंतर तीच पुऱ्यांची चवड कागदात बांधून दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये न्यायची आणि कुणी केल्या हे मुद्दाम सांगायची, असं तिच्या एका मैत्रिणीने फार उशिरा मला सांगितलं.

तिसऱ्या दिवशीच्या पुरीवर खरं तर वेगळं लिहायला हवं. तेव्हा ती वातड होते, कडा कडक, आणि मेथीचा कडवटपणा चांगला मुरलेला. तिला फक्त चहा लागतो. ताजीला दही किंवा लिंबाचं गोड लोणचं. सॉस लावणाऱ्यांशी मी भांडत नाही, पण त्यांना रिजेक्शनची ताटली देतो.

मार्गशीर्षात घोटाळा व्हायचा. मेथी ऐन भरात आणि गुरुवारी आईचा महालक्ष्मीचा उपास. मग वडील पुऱ्यांची तयारी दुपारी करून त्या संध्याकाळी तळत, म्हणजे आरती झाल्यावर तिला गरम मिळाव्यात. इथे कणीक सैल पडण्याचा प्रश्न येई. त्यावर त्यांचा तोडगा असा की कोरडं पीठ आणि चिरलेली मेथी शेजारी शेजारी तयार ठेवायची आणि आरतीची घंटा ऐकू आली की मळायला घ्यायचं. ‘सुखकर्ता’ संपेपर्यंत गोळा तयार. आईचं म्हणणं, यांचं आरतीत लक्ष नसतं.

निवृत्त झाल्यावर त्यांना सगळे वार मोकळे झाले, पण पुऱ्यांचा वार हलला नाही. मंगळवारी कधी नातीने हट्ट धरला तर चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघत, “आज माझा ऑफ नाही,” म्हणत आणि पुन्हा पेपर वाचायला लागत.