लेहच्या थंडीत एका गाडीची रात्र

लेहला जायचे तर उन्हाळ्यात, असे सगळेच सांगतात. आम्ही गेलो जानेवारी २०२३ मध्ये. उन्हाळ्यातले खोल्यांचे भाडे आपल्यासारख्यांना झेपत नाही, आणि बर्फातले बुद्धविहार पाहायची आमची हौस जुनी. आम्ही उभयता आणि सौभाग्यवतींचे थोरले भाऊ, असे तिघे निघालो. मेहुण्यांनी तीस वर्षे मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी चालवली आहे. जुन्या पद्मिनीच्या डिकीत पाण्याची बाटली आणि बॉनेटखाली तापलेला रेडिएटर, यातच त्यांचे आयुष्य गेले. ही ओळख पुढे कामी येते, म्हणून आधीच करून देत आहोत.

लेह समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीन हजार मीटर उंच. हवा विरळ, म्हणून पहिले दोन दिवस नुसते पडून राहावे लागते. आम्ही एका लडाखी कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. नळ बंद, कारण नळात पाणी ठेवले तर पाईप फुटतात. पाणी बादलीतून. खोलीत बुखारी, म्हणजे लाकडे-शेणी जाळायची लोखंडी शेगडी. सकाळी चहाबरोबर खंबीर नावाची जाड रोटी. भेटेल तो 'जुले' म्हणतो. नमस्कारही तोच आणि आभारही तोच.

घराच्या वरच्या मजल्यावर बुद्धमूर्तीपुढे पितळेच्या सात वाट्या ओळीने मांडलेल्या. घरातल्या आजी, त्यांना सगळे 'अबी-ले' म्हणतात, रोज सकाळी त्या पाण्याने भरीत आणि संध्याकाळी रिकाम्या करून पालथ्या घालीत. एका दुपारी आम्ही वर गेलो तर वाट्यांतले पाणी गोठले होते, आणि बर्फ काठाच्या वर टम्म फुगून आला होता. पाणी गोठताना शेकडा नऊ भागांनी फुगते, हे शाळेत वाचले होते. डोळ्यांनी पाहिले ते तिथे.

अंगणात एक जुनी गाडी बर्फाखाली पडलेली होती. घरमालकांनी तिची हकिगत सांगितली. काही वर्षांपूर्वी त्यांनी ती खाली मैदानी मुलखातून जुनी विकत घेतली, कर्ज काढून. कुणीतरी रेडिएटरमध्ये साधे पाणी भरलेले होते, ते यांना ठाऊक नव्हते. पहिल्याच हिवाळ्यात गाडी रात्रभर उघड्यावर राहिली आणि इंजिनाचा बिडाचा ब्लॉक तडकला. मालकांनी बर्फ झटकून आम्हाला ती भेग दाखवली. केसाएवढी बारीक, पण वीतभर लांब. ब्लॉकच्या बाजूला पातळ पत्र्याच्या गोल टोप्या बसवलेल्या असतात. कधी कधी बर्फाच्या दाबाने त्या निखळतात आणि ब्लॉक वाचतो, पण यांच्या नशिबी तेही नव्हते. गाडी बंद, हप्ते चालू. ते कर्ज फिटल्यावर दुसरी गाडी घेतली, तीही कर्जावरच. घर तिच्यावर चालते.

त्याच गाडीने आम्ही तिसऱ्या दिवशी आल्चीला गेलो. शतकानुशतके जुने विहार, आतली चित्रे पाहून मान दुखेपर्यंत उभे राहिलो. त्याबद्दल पुन्हा कधी लिहू. परतताना निम्मूजवळ, जिथे सिंधू आणि झंस्कार मिळतात, तिथे मेहुणे एकदम म्हणाले, "गोड वास येतोय. कूलंट गळतंय. गाडी थांबवा."

बॉनेट उघडले तर होज पाईपची क्लिप सैल, खाली हिरवा ओघळ. इंजिन निवू दिले. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळता फवारा तोंडावर येतो. मग मेहुण्यांनी क्लिप आवळली. आठ लिटरपैकी तीन तरी लिटर गेले होते. जवळ चहाच्या टपरीवर कोमट पाणी मिळाले, पण मालक ते घालायला धजेनात. "पानी मत डालना, भाईसाब," एवढेच म्हणत राहिले. मेहुण्यांनी समजावले, "आत्ता घालू, घरापर्यंत जाऊ. पुढचं घरी बघू." लेह तिथून पस्तीसेक किलोमीटर. सूर्य डोंगराआड चालला होता.

कूलंट म्हणजे ग्लायकॉल नावाचे द्रव्य पाण्यात मिसळलेले. निम्मे-निम्मे असले तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. गंमत अशी, की नुसते ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठते; पाण्याची सोबत त्यालाही लागते. आता आमच्या गाडीत ग्लायकॉल उरले होते शेकडा तीस-एकतीस भाग. म्हणजे उणे पंधरा-सोळापर्यंतच भरवसा. आणि जानेवारीत लेहची रात्र त्याच्याही खाली जाते. घरी पोचलो तेव्हा दुकाने बंद.

मालकांचा चेहरा पाहवत नव्हता. रात्रभर इंजिन चालू ठेवतो म्हणाले. मेहुण्यांनी हात धरला. "डिझेल किती जाळाल? जुने ट्रकवाले काय करायचे? रात्री पाणी सोडून द्यायचे, सकाळी भरायचे." इंजिन थोडे निवल्यावर आतला हीटर उघडा ठेवून रेडिएटरचा खालचा नळ आणि ब्लॉकचा बूच सोडला. सगळे एका कॅनमध्ये धरले आणि कॅन बुखारीशेजारी ठेवला. जमिनीवर सांडले ते माती टाकून पुसले. ते विषारी असते, आणि गोड लागते म्हणून कुत्री चाटतात. बॅटरी काढून घरात आणली, कारण थंडीत तिची ताकद निम्म्यावर येते. हँडब्रेक ओढला नाही, तो गोठून चिकटतो. गाडी गियरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला. डिझेलची चिंता मात्र नव्हती. पूर्वी टाकीखाली निखारे धरावे लागत. नोव्हेंबर २०१९ पासून लडाखला उणे ३३ अंशांतही वाहते राहणारे हिवाळी डिझेल मिळू लागले.

मालकांच्या मुलाने वहीचा कागद फाडून त्यावर लडाखीत 'पाणी नाही' असे लिहिले आणि स्टिअरिंगला बांधले. सकाळी कुणी चुकून गाडी सुरू करू नये म्हणून. चौथीतला पोरगा, पण हे त्यालाच सुचले.

आम्हाला काही झोप लागली नाही. सौभाग्यवती दोनदा उठून खिडकीशी गेल्या. काचेवर आतून बर्फ धरला होता.

सकाळी दुकान उघडताच मेहुणे आणि मालक जाऊन पाणी न मिसळलेले कूलंट घेऊन आले. कॅनमधले सव्वादोन लिटर काढून तेवढेच नवे घातले, म्हणजे पुन्हा निम्मे-निम्मे झाले. मुलगा कढत पाण्याची किटली घेऊन धावत आला होता, त्याला मेहुण्यांनी थांबवले; गार पडलेल्या बिडावर उकळते पाणी पडले तरी ते तडकते. बॅटरी बसवली. पहिल्या किल्लीला इंजिन नुसते गुरगुरले. दुसऱ्या किल्लीला सुरू झाले. मेहुणे खाली वाकून टॉर्चने ब्लॉक न्याहाळत राहिले, पाच मिनिटे, दहा मिनिटे. कुठे थेंब नाही.

मुंबईत बर्फ पडत नाही, म्हणून पाणी चालते असे मेहुणेही आजवर म्हणत. पण बोअरच्या पाण्याने आत क्षार धरतात आणि गंजही, आणि कूलंट उन्हाळ्यात लवकर उकळत नाही. परतल्यावर त्यांनी पुतण्याच्या रिक्षा-टेम्पोत ते भरायला लावले.

अबी-ले वर वाट्या भरीत होत्या. मालकांनी स्टिअरिंगचा कागद सोडून खिशात ठेवला आणि विमानतळावरचे भाडे घ्यायला निघाले. मेहुण्यांना चहासाठी हाका मारल्या, तर ते अंगणात त्या जुन्या गाडीपाशी उभे. "दाजी," आम्हाला म्हणाले, "ही भेग वेल्डिंगने भरते का बघायला हवी."