अंदमानात चौविहार

निवृत्तीनंतर पहिला मोठा प्रवास अंदमानचा करायचा, असे आमचे नोकरीत असतानाच ठरले होते. प्रत्यक्षात निवृत्त होऊन पाच वर्षे उलटली तरी विक्रोळीचे घर सुटत नव्हते. अडचण पैशांपेक्षा नियमांची अधिक होती. सौ. गेली बावीस वर्षे चौविहार करते. सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. घरात कंदमूळ येत नाही. "जेथे चहूकडे मासळी, तेथे मी काय खाणार? आणि माझ्यापायी तुम्ही किती ठिकाणी हात जोडणार?" असे म्हणून ती विषय मिटवीत असे. सोबत महाराज नेणाऱ्या सहलींची चौकशी केली, तर त्यांचा दर आमच्या अंदाजपत्रकात बसत नव्हता. अखेर गेल्या डिसेंबरात, जे होईल ते पाहू, असे म्हणून आम्ही दोघेच निघालो. बरोबर थेपले, खाखरे, भाजलेल्या मूगडाळीची खिचडीची पुडी आणि पाणी उकळण्यासाठी एक लहान विजेची किटली होती.

पहिली चूक माझीच झाली. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या हॉटेलात मी सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण धरून खोली घेतली होती. हिशेबाने ते स्वस्त दिसत होते. पण रात्रीचे जेवण आठ वाजता मिळे, आणि सूर्य पाचलाच बुडे. व्यवस्थापकाला जेवण साडेचारला देता येईल का, असे विचारले. त्याने नम्रपणे सांगितले की आचारीच सहाला येतो. दोन रात्रींच्या जेवणाचे बाराशे रुपये गेले. घेतलेल्या मालाचे पैसे देताना व्यापाऱ्याला दुःख होत नाही. न उचललेल्या मालाचे दिले की ते वर्षभर आठवतात. माझेही तसेच झाले. सौ.ने एकट्याने जेवायला सांगितले होते, पण ती खोलीत बसून असताना माझ्याने घास उतरला नसता. दोन्ही दिवस आम्ही साडेचारला थेपल्यांवर भागविले.

त्या संध्याकाळी मी सूर्याचा हिशेब मांडला. मुंबई सुमारे 73 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि पोर्ट ब्लेअर सुमारे 93 अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली तर वीस अंशांची ऐंशी मिनिटे होतात. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरात विक्रोळीत सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. तेथे तो पावणेसहाला उगवतो आणि पाचला मावळतो. सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी होणारी नवकारशी विक्रोळीत आठला येते, ती तेथे साडेसहाच्या पुढे लगेच येते. म्हणजे निराहार रात्र तेथे वीसेक मिनिटांनी लहानच. नियम अवघड झाला नव्हता. फक्त दिवस पुढे सरकला होता, आणि मी मात्र मुंबईच्या घड्याळाने जेवण विकत घेतले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सेल्युलर जेल पाहिले. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आज तीन उरल्या आहेत. सावरकरांची कोठडी आणि नारळाचे तेल काढण्याचा कोलू पाहून बाहेर आलो. समोरच्या उद्यानात हुतात्म्यांचे पुतळे आहेत. त्यांत एक भगतसिंगांचे सहकारी महावीर सिंह यांचा आहे. खाण्याजोगे अन्न आणि माणसासारखी वागणूक मिळावी, म्हणून 1933 मध्ये येथील कैद्यांनी उपोषण केले. नळीने बळजबरीने दूध पाजताना ते फुप्फुसांत गेले आणि 17 मे रोजी महावीर सिंह गेले. त्याच उपोषणात मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र हेही गेले. सौ. त्या पुतळ्यापुढे बराच वेळ उभी होती. परतताना एवढेच म्हणाली, "आपला त्याग आपल्या मर्जीचा आहे. त्याची तक्रार आपण कोणाकडे करायची?"

त्यानंतर आम्ही हॉटेलच्या जेवणाचा नाद सोडला. पहाटे पाचला उजाडू लागते, म्हणून अबर्डीन बाजारात लवकर जाऊन केळी आणि पपई घेतली. तेथील दाक्षिणात्य उपाहारगृहांत इडली सकाळी लवकर तयार असते. सांबारात कांदा असतो, म्हणून ते सोडले. चटणीत लसूण-आले नाही ना, एवढे विचारून घेतले. डोसा बटाट्याशिवाय आणि आमच्यासमोर पुसलेल्या तव्यावर मागितला, तेव्हा कोणी कपाळाला आठी घातली नाही. शहाळी तर पावलोपावली होती. पण पुढची दोन बेटे लहान होती, आणि तेथे दाक्षिणात्य उपाहारगृह मिळेलच असे नव्हते.

हॅवलॉक आणि नील यांना 2018 पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी नावे आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे येथे वसविली गेली. हॅवलॉकला मी 'जैन जेवण मिळेल का?' असे विचारीत फिरलो. बहुतेकांना तो शब्दच परका होता. एकाने तर 'व्हेज' म्हणून कांदा-बटाट्याची भाजी पुढे ठेवली. त्यात त्याचा दोष नव्हता. मी त्याला न कळणाऱ्या शब्दात मागणी नोंदविली होती.

हॅवलॉकहून नीलला जाताना मात्र कसोटी लागली. बोट तीनला सुटायची होती, ती समुद्र खवळल्यामुळे सव्वाचारला सुटली. खाण्याची पिशवी सामानाबरोबर तळाशी रचली गेली होती, आणि उतरेपर्यंत सामान मिळणार नव्हते. सौ.ने हातातल्या बाटलीतले पाणी सूर्य असेतो पिऊन घेतले. अकरा वाजता खाल्लेल्या इडलीनंतर तिच्या पोटात काही नव्हते. खिडकीतून सूर्य बुडताना दिसला. तिने हात जोडून पच्चक्खाण घेतले आणि डोळे मिटले. मला पिशवीचा, बोटीचा आणि सर्वांत अधिक स्वतःचा राग आला. ती पिशवी मी माझ्या हाताने सामानात दिली होती.

नीलवर आम्ही एका बंगाली कुटुंबाच्या घरगुती निवासात उतरलो. घरच्या वृद्ध मासींनी जेवणाचे विचारले. मी सर्व प्रकार सांगितला. त्यांनी सौ.कडे पाहिले आणि हिंदीत म्हणाल्या, "पाणीही नाही? मग माझ्या एकादशीसारखेच." मासी विधवा होत्या. जुन्या बंगाली रीतीप्रमाणे त्यांची चूल आणि भांडी घरच्या मासळीपासून वेगळी होती. त्यांच्या जेवणाला त्या 'निरामिष' म्हणत, आणि त्यात कांदा-लसूण मुळातच नसे. मी एवढेच जोडले की आले आणि बटाटाही नको. कांद्याऐवजी निरामिष स्वयंपाकात आले सर्रास पडते, हे तेव्हा कळले. "आदा छाडा, आलू छाडा," त्यांनी मान डोलावली. विषय संपला.

सकाळी साडेसहाला त्यांनी आपल्याच चुलीवर शिजविलेला गरम भात, भाजलेल्या मुगाची डाळ आणि पाचफोरण घातलेली लाल भोपळ्याची भाजी आमच्यापुढे ठेवली. नील हे अंदमानचे भाजीचे आगर समजले जाते. भोपळा परसातलाच होता. पोर्ट ब्लेअरच्या बाजारातही येथून भाजी जाते. साडेएकोणीस तासांनी सौ.ने पहिला घास घेतला. मासी समोर बसून होत्या. तुम्ही मुंबईत कोठे राहता, असे त्यांनी विचारले. विक्रोळीच्या टागोरनगरात, असे सांगताच त्या खळाळून हसल्या. "रवि ठाकूरांच्या गावातून आलात आणि निरामिष शब्द माहीत नाही?"

घरी येऊन मी वही पूर्ण केली. सहा दिवसांत दोघांच्या खाण्यावर 5,460 रुपये खर्च झाले. त्यांतले बाराशे न खाल्लेल्या जेवणांचे, म्हणजे पाचव्या हिश्शाहून अधिक. उरलेल्यांत रोजचा खर्च 710 रुपये पडला, आणि सौ.चा एकही नियम मोडला नाही. जाणाऱ्यांनी माझ्या चुकांतून एवढे घ्यावे. खोली रात्रीच्या जेवणाशिवाय घ्यावी. निघण्यापूर्वी तेथील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा कागदावर लिहून ठेवाव्यात. मुख्य जेवण अकराला आणि दुसरे चारला धरावे. खाण्याची पिशवी हातातून सोडू नये. आणि आपल्या नियमाचे नाव सांगण्यापेक्षा काय चालत नाही ते, शक्यतो त्यांच्याच शब्दांत, सांगावे. सर्वत्र कोणीतरी कसला ना कसला नियम पाळीत असतेच. त्यांची चूल शोधावी.

नीलवरच्या शेवटच्या दिवशी मासींनी चारला जेवू घातले. तेथून आम्ही लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायला गेलो. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा आजूबाजूची मंडळी, आता रात्री कोठे जेवायचे, याची चर्चा करीत होती. सौ. वाळूवर निवांत बसली होती. तिने मला विचारले, "लक्षद्वीपला सूर्य किती वाजता मावळतो हो?"