घाव जमिनीलगत

बीड जिल्ह्यातील एखाद्या धर्मगुरूने गोल्फविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हिरवळीवरचा हा खेळ कोण खेळणार? परंतु याच खेळाच्या निमित्ताने गेल्या दिवाळीत माझ्या हातून एक चूक घडली आणि ती एका ऊसतोड कामगाराने सुधारली. ती हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९९१ साली मी पुण्यात सेमिनरीचा विद्यार्थी होतो. रविवारी येरवड्याच्या एका वस्तीत आम्ही मुलांना शिकवायला जात असू. तिथली काही माणसे जवळच्या गोल्फ मैदानावर कॅडीचे काम करीत. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी त्याच वर्षी इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. वस्तीत कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. तिथल्या एका वृद्ध कॅडीने मला फटक्याचे पहिले धडे दिले आणि निरोपाच्या वेळी आपला सात नंबरचा जुना क्लबही दिला.

पुढे त्याच क्लबाने धारूर तालुक्यातील आमच्या वस्तीवरचा एक मुलगा माझ्या अंगणात खेळू लागला. आज तो पुण्यात कॅडी आहे. व्यावसायिक पात्रता फेरीसाठी पै पै साठवून तो तयारी करीत होता. दिवाळीला आला, तो मात्र उतरलेल्या चेहऱ्याने. चेंडूला क्लब नीट लागतच नव्हता. कधी क्लब आधी मातीत रुते आणि चेंडू चार पावलांवर पडे. कधी क्लबाची कड चेंडूच्या माथ्यावर बसे आणि चेंडू सरपटत जाई. मुकादम उचल देण्यासाठी दारी येऊन गेला होता.

“फादर, एवढं जमलं नाही तर मीही कोयता घेतो,” तो म्हणाला.

“मान खाली ठेव. नजर हलवू नकोस,” असे मी त्याला तीन दिवस बजावीत राहिलो. फटका अधिकच बिघडला.

या खेळाचे गमक असे. उभ्या माणसाभोवती क्लब एक कमान रेखतो. त्या कमानीचा तळ चेंडूच्या दोन-चार इंच पुढे पडायला हवा. म्हणजे आधी चेंडू, मग माती. चेंडूचा व्यास जेमतेम ४२.६७ मिलिमीटर आणि क्लबाचा त्याला होणारा स्पर्श सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाचा. तेवढ्या अवधीत काहीच सुधारता येत नाही. चेंडूपाशी दिसणारा दोष आधीच कुठेतरी घडून गेलेला असतो. चेंडू हवेत उचलण्याच्या मोहाने खेळाडू भार मागच्या पायावरच ठेवतो, मनगटे वेळेआधी सोडतो, किंवा वाकलेली कंबर मधेच सरळ करतो. वास्तविक चेंडू उचलण्याचे काम क्लबाच्या कललेल्या तोंडाचे. खेळाडूने फक्त खाली आणि पुढे जायचे असते. मान जखडली की अंग पुढे वळत नाही आणि भार मागेच अडकतो. माझ्या उपदेशाने नेमके तेच झाले होते.

चौथ्या दिवशी त्याचे वडील अंगणात येऊन बसले. गोल्फ त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. पाच-सहा फटके पाहून ते म्हणाले, “फादर, ह्यो मधीच उठतोय. वाकलेला माणूस मधी उठला, की उसाचा बुडखा ऱ्हातो.”

साखर बुडख्यात अधिक, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. घाव वर बसला तर बुडखा वाया जातो. खाली गेला तर कोयत्याची धार मातीत मरते. वर्षानुवर्षे वाकून ऊस तोडलेल्या त्या डोळ्यांना मुलाच्या कमरेतला दोष दिसला. मी मात्र चेंडूकडेच पाहत राहिलो होतो.

आम्ही चुलीतल्या राखेची एक रेघ जमिनीवर ओढली. चेंडू न ठेवता, कमरेची वाक न सोडता, भार पुढच्या पायावर नेत त्याने हळूहळू क्लब फिरवायचा आणि माती रेघेच्या कोणत्या बाजूला उडते ते पाहायचे. पहिल्या दिवशी ती मागेच उडाली. आठवड्याअखेरीस दहातील सात घाव रेघेच्या पुढे पडू लागले. मगच आम्ही चेंडू ठेवला.

आईवडील कारखान्याच्या वाटेला लागले, तो पुण्याला गेला. त्या फेरीत तो पात्र ठरला नाही, थोडक्यात हुकला. तरी कोयता त्याने घेतलेला नाही. पुन्हा बसणार आहे.

माझ्या मनात मात्र जुनी गोष्ट सलते. हाच मुलगा लहानपणी दरवर्षी चार-सहा महिने वर्गात दिसत नसे आणि परतल्यावर पाढे चुकले म्हणून मी त्याला सर्वांसमोर बोलत असे. तो त्या दिवसांत फडावर, पाचटाच्या कोपीत असे, हे मला ठाऊक होते. तरीही मी चुकलेल्या पाढ्याकडेच बोट दाखवीत राहिलो. या नाताळात तो भेटेल, तेव्हा एवढे तरी त्याच्यापाशी कबूल करायचे आहे.