खुंट्याला दुसरा हात

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण सहज बोलून जातो. कामाला लागा म्हणजे मार्ग सापडेल, एवढाच त्याचा अर्थ घेतो आणि पुढे सरकतो. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखात हिंडायला लागल्यापासून मला ही म्हण शब्दशः खरी वाटू लागली आहे. सुचण्यासाठी इथल्या बायकांना फुरसत मिळालेलीच नव्हती. त्यांना मिळालं होतं जातं.

नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की राजगड दिसतो, मग तोरणा. वेल्हे तालुक्याचं नावही आता राजगड झालं आहे. गडांवर जे घडलं ते बखरींत आलं. गडांच्या पायथ्याशी, कोंबडा आरवायच्या आधी काळोख्या पडवीत जे घडत होतं, ते ओव्यांत आलं. घरचा गडी मुंबईला, दिवसभर भातखाचरातलं काम, डोक्यावर पाणी आणि सरपण. त्यात दळणाची ती पहाट तेवढी बाईच्या मालकीची. हात अडकलेले, पण तोंड मोकळं.

तोंड मोकळं असणं ही साधी गोष्ट नव्हती. चारचौघांत बोलायची सोय नाही, सासऱ्यासमोर तर नाहीच. जात्यावर मात्र रामाने टाकलेल्या सीतेचं दुःख गाता यायचं आणि त्या सीतेच्या आडून स्वतःचंही. माहेरची वाट, न आलेला भाऊ, दारूपायी बिघडलेला संसार, लेकीच्या जन्माला नाकं मुरडणारे लोक, सगळं त्यात यायचं. भिंतीपलीकडे निजलेल्या नवऱ्याच्या कानावर ते पडायचं, पण उलट बोलली असं कुणी म्हणू शकायचं नाही. कारण ती बोलत नव्हती, गात होती. आणि जनीला दळू लागायला खुद्द विठ्ठल आला, ही गोष्ट पाठीशी असताना आपल्या दळणाला कमी लेखायचं कारणही उरत नव्हतं.

या ओव्या घराबाहेर आल्या त्या काही माणसांच्या चिकाटीमुळे. साने गुरुजींनी त्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याच्या कामात त्यांना मानाचं पान दिलं. पुढे हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्याचे झालेले गी प्वातवँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात गरीबांच्या संघटनेचं काम करता करता हा खजिना उघडला. गावोगावच्या कार्यकर्त्या आपल्याच आया-मावश्यांच्या ओव्या उतरवून घेऊ लागल्या. बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाला हातभार लावला. महाराष्ट्रभरातून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. त्यांत राम-सीता आहेत, पंढरी आहे आणि बाबासाहेबही आहेत. चाल जुनीच, पण ज्या बाईला जे सांगायचं होतं त्याला तिने जागा करून घेतली. 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेने हा संग्रह सर्वांसाठी खुला करायला घेतला.

तरी लिहून घेतलेली ओवी आणि जात्यावरची ओवी यांत काय फरक आहे, ते मला वेल्ह्याकडच्या एका घरात कळलं. तिथल्या आजींना म्हटलं, एखादी म्हणा ना. त्या हसल्या. “आता कुठलं येतंय बाई? खुंट्याला हात लागल्याबिगर सुधरत न्हाई.” पडवीच्या कोपऱ्यात जातं होतंच. लग्नात हळद दळण्यापुरतं पुजलं जाणारं, एरवी त्यावर पोती ठेवलेली. पोती बाजूला झाली. मी खुंटा धरून फिरवायला गेले, तर त्यांनी हात धरला. रिकामं जातं फिरवू नये. सूनबाईंनी सुपात नाचणी आणली, आजींनी मूठभर वैरण घातली आणि मला म्हणाल्या, “बसा समोर. एकटीचं काम न्हाई हे.”

खुंट्यावर त्यांचा हात वर, माझा खाली. दगड जड चालला, मग लयीत आला. आणि आजींना ओवी आली. पहिली ओळ त्यांनी म्हटली, पुन्हा म्हटली, मध्ये ‘बाई’, ‘गं’ अशी भर घालत. माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आता तू म्हण. मी अडखळत तीच ओळ धरली, तेवढ्यात त्यांची पुढची ओळ तयार झाली. तिसऱ्या-चौथ्या ओवीत पुण्याहून आलेली एक लेकही येऊन बसली. आजवर कुणी लिहून न ठेवलेली ती ओवी माझ्यासमोर जन्मली, पाळ्यात साठत चाललेल्या पिठाबरोबर.

आपल्याकडे आधी आपली कला शोधायची, मग ती एकांतात घडवायची आणि शेवटी लोकांपुढे मांडायची, असा क्रम धरतात. त्या क्रमात मीही वर्षानुवर्षं अडकून पडले होते. सुचत नाही म्हणून लिहीत नव्हते आणि लिहिलेलं धड नाही म्हणून दाखवत नव्हते. जात्यावर हे तीन टप्पे नाहीतच. समोरची ओळ धरून ठेवते, म्हणून हिला पुढची सुचते. ऐकणारी ही घडवण्यातलीच भागीदार असते.

जातं परत यावं असं मात्र कुणीही म्हणू नये. खांदे भरून यायचे, हाताला घट्टे पडायचे. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास टाकला, तो योग्यच होता. गिरणीसोबत गेली ती रोजची ठरलेली वेळ आणि समोर बसणारी बाई. या दोन गोष्टी दगडाशिवायही मिळवता येतात.

मी सध्या लिहिलेलं कच्चंच शेजारच्या वहिनींना वाचून दाखवते. संध्याकाळी त्या भाजी निवडत असतात, मीही एक जुडी ओढून घेते. कंटाळा आला की त्या तसं सांगतात, आवडलं की म्हणतात, “हे पुन्हा म्हण बरं.” पुन्हा म्हणताना बहुतेक वेळा पुढचं वाक्य सापडतं. आता त्याही माहेरच्या आठवणी सांगू लागल्या आहेत आणि परवा मला म्हणाल्या, “हे मीच लिहून काढू का?” मी त्यांना वही आणून दिली आहे.